होडीला परवाना, हातांना नाही : ठाणे खाडीतील तिसऱ्या (शिंपले) वेचणाऱ्या महिलांचे प्रकरण

पार्श्वभूमी

हे प्रकरण ठाणे खाडीच्या पूर्व किनाऱ्यावरील, म्हणजे आजच्या नवी मुंबईच्या हद्दीतील एका कोळीवाड्याचे आहे. गाव, संस्था आणि व्यक्ती ओळखू येऊ नयेत म्हणून नावे व काही तपशील वगळले आहेत. घटनांचा आणि निर्णयांचा क्रम मात्र आहे तसाच ठेवला आहे. मच्छीमारांच्या कागदपत्रांच्या कामात मदत करणाऱ्या गटाचा सदस्य म्हणून प्रस्तुत लेखक या प्रकरणात सुरुवातीपासून सहभागी होता.

या कोळीवाड्यातील सुमारे वीस महिला पिढ्यान्‌पिढ्या खाडीतून तिसऱ्या, खुबे आणि कालवे हे खाण्याचे शिंपले काढतात. उधाणाच्या दिवसांत ओहोटी खूप खाली जाते आणि एरवी पाण्याखाली असणारी चिखलाची पट्टी उघडी पडते. घरातील एखादा पुरुष छोट्या होडीतून त्यांना तिथे नेऊन सोडतो आणि भरती लागण्यापूर्वी परत आणतो. मधले तीन-चार तास गुडघाभर चिखलात वाकून काम चालते. डोळ्यांना फारसे काही दिसत नाही. तिसरी कुठे आहे हे तळपायाला आणि बोटांना कळते. पाटीत टाकण्यापूर्वी अनुभवी बाई दोन तिसऱ्या एकमेकींवर आपटून पाहते. जिवंत तिसरीचा आवाज टणक येतो, तर आत नुसता चिखल भरलेल्या शिंपल्याचा आवाज बद्द येतो आणि तो तिथेच फेकला जातो. असा एक चिखल भरलेला शिंपला कालवणात गेला तर सगळे भांडे वाया जाते, म्हणून ही तपासणी कोणी टाळत नाही.

माल दुसऱ्या दिवशी सकाळी जवळच्या मासळी बाजारात वाट्यावर विकला जातो. हा पैसा बाईच्या हातात येतो आणि बाईच तो खर्च करते. होडी, जाळे, डिझेल, मच्छीमार सहकारी संस्थेचे कर्ज हा सारा व्यवहार पुरुषांच्या नावावर असतो. तिसऱ्यांचा पैसा मात्र त्या हिशेबात कुठेच येत नाही. पुढे जे घडले ते समजण्यासाठी ही गोष्ट ध्यानात ठेवावी लागते, कारण जे उत्पन्न हिशेबात येत नाही ते कायद्याच्या नजरेतही येत नाही.

खाडीची कायदेशीर स्थितीही गेल्या काही वर्षांत बदलली आहे. 6 ऑगस्ट 2015 रोजी खाडीच्या पश्चिम बाजूचे सुमारे 1,690 हेक्टर क्षेत्र ठाणे खाडी फ्लेमिंगो अभयारण्य म्हणून घोषित झाले. त्यात कांदळवन आणि पाण्याचा पट्टा असे दोन्ही येतात. 2022 मध्ये अभयारण्य व त्याभोवतीचे संवेदनशील क्षेत्र मिळून 6,521 हेक्टर परिसराला रामसर स्थळाचा, म्हणजे रामसर या आंतरराष्ट्रीय कराराखालील महत्त्वाच्या पाणथळ जागेचा, दर्जा मिळाला. या दोन गोष्टींमधला फरक किनाऱ्यावर कोणी नीट समजावून सांगितला नव्हता. रामसरच्या दर्जाने मासेमारी बंद होत नाही. पाणथळ जागेचा सुज्ञ वापर हे तर त्या कराराचे तत्त्वच आहे. अभयारण्यात मात्र वन्यजीव संरक्षण अधिनियम, 1972 लागू होतो, आणि त्याच्या कलम 27 नुसार परवानगीशिवाय प्रवेशच करता येत नाही. कोळीवाड्यात या दोन्हींचा मिळून एकच अर्थ लावला गेला होता, तो म्हणजे ‘आता खाडी बंद होणार’.

प्रसंग

एका हिवाळ्यात, रोहित पक्षी (फ्लेमिंगो) खाडीत उतरलेले असताना, महिलांना घेऊन परतणारी होडी गस्तीवरील पथकाने थांबवली. होडीची नोंदणी आणि जाळ्याने मासेमारी करण्याचा परवाना मालकाच्या नावे व्यवस्थित होता. पथकाने पाट्यांकडे पाहून तिसऱ्या काढण्याचा परवाना विचारला. तसा कागद कोणाकडेच नव्हता. ही पट्टी अभयारण्याच्या हद्दीत येते असे पथकाचे म्हणणे होते, तर त्या जागी आजीसासूसुद्धा उतरत होती असे महिलांचे म्हणणे होते. शेवटी पाट्या चिखलात रिकाम्या करायला लावल्या, नावे लिहून घेतली आणि समज देऊन होडी सोडली. दंड झाला नाही. परंतु त्या दिवसापासून होडीवाल्याने महिलांना न्यायचे थांबवले, कारण स्वतःचा परवाना धोक्यात येईल अशी भीती त्याला वाटू लागली. 1981 च्या महाराष्ट्र सागरी मासेमारी नियमन अधिनियमात 2021 मध्ये झालेल्या दुरुस्तीनंतर दंडाच्या रकमा लाखांच्या घरात गेल्या आहेत, हे त्याच्या कानावर होते. ती कठोर तरतूद प्रामुख्याने विनापरवाना यांत्रिक मासेमारी, पर्ससीन (माशांच्या थव्याला वेढणारे मोठे जाळे) आणि एलईडी दिव्यांच्या मासेमारीसाठी आहे, हे मात्र त्याला कोणी सांगितले नव्हते.

त्याच सुमारास दुसरी एक घडामोड चालू होती. स्वच्छ केलेले तिसऱ्यांचे मांस पाकिटात भरून शहरातील गिऱ्हाइकांना घरपोच विकणाऱ्या एका व्यावसायिकाने या महिलांकडून नियमित माल घेण्याची तयारी दाखवली होती. त्याने दोन कागद मागितले : अन्नसुरक्षेची नोंदणी आणि माल कुठून काढला याचा दाखला. महिलांच्या बोलण्यात या दोन्ही मागण्या आणि पथकाची मागणी मिळून ‘परवाना’ हा एकच शब्द झाला होता. आमच्याकडे आल्या तेव्हा त्यांच्यातील सर्वांत वडील काकींनी प्रश्न असा मांडला : ‘होरीला नंबर हाय, आमाला नाय. आमी जायाचा कुटं?’

अडचण नेमकी कुठे होती

काकींच्या वाक्यात कायद्याचे अचूक निदान होते. 1981 चा अधिनियम आणि त्याखालील नियम नौकेभोवती रचलेले आहेत. नोंदणी नौकेची होते, परवाना नौकेला मिळतो, अटी जाळ्यावर आणि जाळ्याच्या आसावर (भोकांच्या आकारावर) असतात, आणि 1 जून ते 31 जुलै ही बंदीही यांत्रिक नौकांना उद्देशून असते. चिखलात उभे राहून हाताने शिंपले वेचणाऱ्या व्यक्तीसाठी त्या चौकटीत वेगळा परवाना नाही. त्यामुळे ती व्यक्ती नियम मोडत नसते आणि नियमाचे संरक्षणही तिला मिळत नसते. कोणी विचारलेच तर दाखवायला तिच्याजवळ काही नसते.

केरळमध्ये शिंपल्यांना नियमनात स्पष्ट जागा आहे. अष्टमुडी सरोवरात डिसेंबर ते फेब्रुवारी या काळात तिसऱ्यांसारख्या शिंपल्यांची काढणी बंद ठेवतात आणि जाळीच्या आसाच्या आकारावरही बंधन आहे. 2014 मध्ये त्या काढणीला शाश्वत मासेमारीचे आंतरराष्ट्रीय प्रमाणपत्र मिळाले. महाराष्ट्रानेही 2023 मध्ये 54 प्रजातींसाठी पकडीचा किमान आकार ठरवून एक महत्त्वाचे पाऊल टाकले. खाडीतील हाताने होणाऱ्या वेचणीची नोंद ठेवण्याची व्यवस्था मात्र अजून उभी राहिलेली नाही.

दुसरा पेच अन्नसुरक्षेचा होता आणि तो अधिक नाजूक होता. अन्न सुरक्षा व मानके अधिनियम, 2006 च्या कलम 18 मध्ये शेतकरी आणि मच्छीमार यांना त्यांच्या मूळ कामापुरते वगळले आहे. म्हणून अख्ख्या तिसऱ्या पाटीत घेऊन येणारी बाई या कायद्याच्या बाहेर राहते. तीच बाई घरी तिसऱ्या उकडून, मांस काढून, पाकिटात भरून देऊ लागली की तिचा अन्नव्यवसाय सुरू होतो आणि नोंदणी आवश्यक ठरते. लहान व्यावसायिकांसाठी ही नोंदणी वर्षाला 100 रुपयांत होत होती, त्यामुळे खर्चाचा प्रश्न नव्हता. प्रश्न त्या नोंदणीमागच्या जबाबदारीचा होता. शिंपले पाणी गाळून जगतात आणि पाण्यात जे असेल ते अंगात साठवतात. ठाणे-बेलापूर औद्योगिक पट्टा आणि दोन्ही काठांवरील शहरांचे सांडपाणी ज्या खाडीत येते, तिथल्या शिंपल्यांविषयी ‘सुरक्षित’ असे लिहून देण्यापूर्वी तपासणी करणे हे कर्तव्यच होते.

निर्यातीच्या मालासाठी शिंपल्यांच्या क्षेत्रांची तपासणी होते. युरोपीय महासंघाच्या पद्धतीत 100 ग्रॅम मांसातील ई-कोलाय जिवाणूंच्या संख्येवरून क्षेत्राला अ, ब किंवा क दर्जा देतात. अ दर्जाचा माल थेट विकता येतो, बाकीचा शुद्ध करून किंवा शिजवून विकावा लागतो. अमेरिकेत 1924-25 च्या हिवाळ्यात कालवांमुळे विषमज्वराची साथ पसरली आणि त्यानंतर शिंपल्यांच्या प्रत्येक पोत्यावर कोणी, कधी आणि कोणत्या पाण्यातून काढले याची चिठ्ठी लावण्याची पद्धत रुजली. नवी मुंबईच्या बाजारात वाट्यावर विकल्या जाणाऱ्या तिसऱ्यांना असा कागद लागत नाही आणि हवा असला तरी मिळत नाही. व्यावसायिकाने मागितलेला ‘दाखला’ देणारे कार्यालयच अस्तित्वात नव्हते.

विचारात घेतलेले पर्याय

पहिला पर्याय काही दिवस गप्प राहून पुन्हा जायला लागण्याचा होता. अनेक घरांचा कल तिकडे होता. अशा वेळी पुढच्या खेपेस दंड झाला असता तर तो होडीवाल्यावर आला असता, म्हणून होडीवाल्यांनीच तो नाकारला.

वेचणी सोडून संवर्धनाकडे वळावे, असेही सुचवले गेले. कांदळवन संरक्षण व उपजीविका निर्माण योजना 2017 पासून राबवली जाते आणि त्यात गटांना खेकडा, कालवे व शिणाणे (एक प्रकारचे शिंपले) यांच्या संवर्धनासाठी मोठे अनुदान मिळते. योजना चांगली आहे आणि कोकणातील अनेक खाड्यांत ती उपयोगी ठरू शकते. मात्र वाढवलेले कालव विकायचे तर पाण्याच्या गुणवत्तेचा तोच प्रश्न अधिक तीव्रतेने उभा राहतो. शिवाय रोज हाती येणारे पैसे सोडून हंगामाच्या शेवटी येणाऱ्या उत्पन्नाची वाट पाहणे या घरांना परवडणारे नव्हते.

तिसरा मार्ग न्यायालयाचा होता. त्याला आधार होता. 2021 मध्ये ठाणे खाडीवरील तिसऱ्या क्रमांकाच्या पुलाच्या प्रकरणात मुंबई उच्च न्यायालयाने मच्छीमारांचा पारंपरिक मासेमारीचा हक्क उपजीविकेच्या अधिकाराशी जोडला आणि शासनाला भरपाईचे धोरण आखण्यास सांगितले. वन्यजीव अधिनियमाच्या कलम 26अ मध्येही सागरी हद्दीतील पाणी अभयारण्यात घेताना स्थानिक मच्छीमारांच्या व्यावसायिक हिताच्या रक्षणासाठी पुरेशी उपाययोजना करावी असे म्हटले आहे. परंतु याचिकेत पहिला प्रश्न विचारला गेला असता तो वहिवाटीच्या पुराव्याचा, आणि महिलांच्या नावे संस्थेचे सभासदत्व, परवाना, पावती यांपैकी काहीही नव्हते.

म्हणून चौथा मार्ग निवडला : आधी कागद तयार करायचा, हद्द समजून घ्यायची, मालाची तपासणी करायची आणि त्यानंतरच मागणी मांडायची. तो सर्वांत संथ मार्ग होता. काकींनी त्याला लगेच होकार दिला. तरुण मुलींना न्यायालयाचा मार्ग अधिक पटत होता, आणि त्यांचा उतावळेपणा चुकीचा होता असे आज म्हणता येत नाही.

कृती आणि त्यातील निर्णायक टप्पे

सर्वप्रथम हद्दीचा प्रश्न घेतला. अधिसूचनेतील नकाशा मागवून तो होडीत बसून जागेवर पडताळला. खाडीच्या पाण्यात कुंपण नसते. कागदावरची रेषा तिथे उतरवायची तर काठावरच्या ठळक खुणांचा आधार घ्यावा लागतो. वीजवाहिन्यांच्या मनोऱ्यांची रांग, एका नाल्याचे मुख आणि पुलाचे ठरावीक खांब अशा खुणा महिलांनीच सुचवल्या. पडताळणीत असे दिसले की ज्या पट्टीवर वाद झाला तिचा एक भाग खरोखरच हद्दीच्या आत होता आणि मोठा भाग बाहेर. म्हणजे दोन्ही बाजू काही प्रमाणात बरोबर होत्या. महिलांनी आतला भाग सोडण्याचे ठरवले. तो भाग तिसऱ्यांनी सर्वांत भरलेला असल्याने हा निर्णय सोपा नव्हता. त्या बदल्यात बाहेरच्या भागातील वेचणीला हरकत नसल्याचे लेखी मिळावे अशी विनंती केली, आणि हद्दीच्या खुणांसह नकाशाची प्रत सोबत जोडली.

त्यानंतर नोंदवही सुरू झाली. प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेली एक साधी वही, आणि तीत तारीख, तिथी, जागा, कोण कोण उतरले आणि किती पाट्या निघाल्या एवढेच रकाने. तिथीचा रकाना महिलांच्या आग्रहाने घातला. उधाण आणि भांग (कमी भरती-ओहोटीचे दिवस) यांचा हिशेब त्या तिथीवरून करतात, आणि कोणत्या दिवशी पट्टी उघडी पडणार होती हे नंतर पडताळायलाही तिथी उपयोगी पडते. बारीक तिसऱ्या जागेवरच गळून पडाव्यात म्हणून लोखंडी जाळीची चाळण वापरायला सुरुवात झाली. यावरून घरोघरी वाद झाले, कारण बारीक मालालाही गिऱ्हाईक असते. चाळणीचा नियम बाहेरून लादलेला नव्हता. महिलांच्या गटाच्या बैठकीत ठरला होता, म्हणूनच तो टिकला.

सर्वांत अवघड टप्पा मच्छीमार सहकारी संस्थेचा ठरला. महिलांना सभासद करून घ्यावे, असा अर्ज दिला. संस्थेचे अध्यक्ष, ज्यांना गावात सगळे तात्या म्हणतात, ते या महिलांच्या कामाला मनापासून मान देणारे गृहस्थ होते. तरीही त्यांनी अर्ज दोन बैठका पुढे ढकलला. त्यांची अडचण खरी होती. खाडीत प्रकल्प येतात तेव्हा भरपाईच्या याद्यांसाठी संस्थेच्या सभासद यादीचा आधार घेतला जातो, आणि वीस नावे वाढली तर प्रत्येक घराचा वाटा कमी होईल असे सभासद उघड बोलत होते. अखेरीस महिलांना ‘नाममात्र सभासद’ करून घेण्याचा प्रस्ताव पुढे आला. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियमाप्रमाणे अशा सभासदाला मताचा अधिकार नसतो आणि संस्थेच्या नफ्यात वाटाही मिळत नाही. ओळखपत्र व शिफारसपत्र मात्र मिळणार होते. महिलांनी तो स्वीकारला.

तपासणीसाठी दोन जागांचे नमुने मान्यताप्राप्त प्रयोगशाळेकडे पाठवले. जड धातूंचे प्रमाण त्या नमुन्यांत विहित मर्यादेत निघाले. शिंपल्यांसाठी कॅडमियमची मर्यादा किलोमागे 2 मिलिग्रॅम आहे. जिवाणूंची गोष्ट वेगळी होती : खाडीच्या मध्याकडील नमुना बरा होता, नाल्याच्या मुखाजवळचा मात्र वाईट. उकडल्याने जिवाणू मरतात, पण धातू जात नाहीत, आणि काही सूक्ष्म शैवालांपासून शिंपल्यांत येणारी विषेही शिजवून नष्ट होत नाहीत. स्वच्छ खाऱ्या पाण्यात एक-दोन दिवस ठेवल्यास जिवाणू बरेच कमी होतात. त्यासाठी टाक्या, पंप आणि निर्जंतुक पाणी लागते, आणि ती सोय उभी करण्याइतके भांडवल गटाकडे नव्हते. नाल्याजवळची जागा त्याच दिवशी कायमची बंद केली. नमुने दोनच होते आणि एकाच ऋतूतले होते, त्यामुळे त्यांच्या आधारे पाकिटावर ‘सुरक्षित’ असा शब्द छापू देणे योग्य नाही, असे आम्ही व्यावसायिकाला स्पष्ट सांगितले.

परिणाम

व्यावसायिकाने माघार घेतली. त्या उत्पन्नाची आशा धरलेल्या घरांना हा मोठा फटका होता आणि आमच्यावरही नाराजी झाली. तरीही तो सल्ला आजही योग्यच वाटतो. पाकिटातला माल खाऊन एखाद्या घरात मूल आजारी पडले असते, तर या खाडीच्या तिसऱ्यांना बाजारात पुन्हा कोणी हात लावला नसता.

हद्दीबाहेरील पट्टीवर वेचणी पुन्हा सुरू झाली. लेखी उत्तर ‘हरकत नाही’ अशा शब्दांत आले नाही. हद्दीचा नकाशा अधिकृत असल्याचे आणि हद्दीबाहेर अभयारण्याचे प्रवेशनियम लागू नसल्याचे त्यात नमूद केले होते. व्यवहारात तेवढे पुरेसे ठरले. त्यानंतर एकदा होडी थांबवली गेली, तेव्हा नकाशा, संस्थेचे ओळखपत्र आणि वही दाखवताच ती सोडण्यात आली. सप्टेंबर 2024 मध्ये केंद्र शासनाचा राष्ट्रीय मत्स्यव्यवसाय डिजिटल मंच सुरू झाल्यावर महिलांनी तिथेही स्वतःच्या नावे नोंदणी केली. काकींच्या नावे मासेमारीशी संबंधित सरकारी कागद निघण्याची ती पहिलीच वेळ होती. होडीवाल्याचा धीर परत आला. उकडलेले मांस ओळखीच्या गिऱ्हाइकांना विकणाऱ्या तिघींनी अन्नसुरक्षेची नोंदणी करून घेतली, आणि त्या फक्त मध्य खाडीचाच माल वापरतात.

वेगळे काय करता आले असते

नाममात्र सभासदत्व स्वीकारण्याचा निर्णय या प्रकरणातील सर्वांत वादाचा मुद्दा राहतो. त्याने ओळखपत्र लवकर मिळाले, हे खरे. परंतु पुढे एखाद्या प्रकल्पाच्या भरपाईचा प्रश्न आला तर पूर्ण सभासद नसल्याचे कारण दाखवून याच महिलांना वगळले जाण्याची शक्यता आहे. 2015 मध्ये राष्ट्रीय हरित लवादाने उरण भागातील 1,630 मच्छीमार कुटुंबांना सुमारे 95 कोटी रुपयांची भरपाई देण्याचा आदेश दिला, तेव्हा हिशेबाचा घटक कुटुंब होता. कुटुंबाच्या नावावर आलेल्या पैशात बाईच्या स्वतंत्र कमाईची दखल घेतली जातेच असे नाही. पूर्ण सभासदत्वाचा आग्रह धरून काही महिने थांबणे, आणि मध्यंतरी भरपाईच्या वाट्याविषयी संस्थेत स्वतंत्र ठराव करून घेणे, हा मार्ग अधिक भक्कम ठरला असता. सभासदांची भीती वाट्याविषयी होती. तिला थेट हात न घालता बगल दिली गेली आणि म्हणून ती तशीच शिल्लक आहे.

तपासणी व्यावसायिकाशी बोलणी सुरू होण्यापूर्वी व्हायला हवी होती, म्हणजे खोटी आशा निर्माण झाली नसती. नमुने किमान पावसाळ्यापूर्वी, पावसाळ्यात आणि हिवाळ्यात असे तीन वेळा घ्यायला हवेत. पावसात खाडीचा खारेपणा उतरतो, नाले फुगतात आणि शिंपल्यांची स्थितीही बदलते. हा खर्च एका गटाने सोसावा अशी अपेक्षा ठेवणे अन्यायाचे आहे. खाडीत सांडपाणी सोडणारे ज्यांच्या अखत्यारीत येतात, त्या यंत्रणांनी शिंपल्यांची नियमित तपासणी करून निष्कर्ष बाजारात मराठीत लावावेत, ही मागणी आम्ही अधिक जोराने मांडायला हवी आणि मांडत आहोत.

हाताने वेचणी करणाऱ्यांसाठी 1981 च्या अधिनियमाखालील नियमांत स्वतंत्र नोंद असावी, असे निवेदन महिलांच्या सह्यांनी मत्स्यव्यवसाय विभागाला दिले आहे. त्यात होडीशी न जोडलेले व्यक्तिगत ओळखपत्र, नाममात्र शुल्क, किमान आकार आणि ठरावीक क्षेत्र एवढेच मागितले आहे. सोबत वहीच्या प्रती आणि नकाशा जोडला आहे. शेजारच्या दोन कोळीवाड्यांतील महिलांनीही आता अशाच वह्या सुरू केल्या असून, पुढील निवेदन तिन्ही गावांच्या नोंदी एकत्र करून द्यायचे ठरले आहे.